दीपगृहाखालची पाटी

"अंगावर काय होतं त्याच्या?" ख्मैसकाकांनी विचारलं.

"पिवळा रेनकोट," हैफा म्हणाली. तिची वर्षभराची मुलगी, दोरा, कडेवर चुळबुळत होती. हैफाने तिला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पुन्हा एकदा मागे वळून रस्त्याकडे पाहिलं.

महदिया बंदरातल्या जुन्या दीपगृहाच्या पायथ्याशी, अगदी खडकांपर्यंत, पांढऱ्या कबरी पसरल्या होत्या. समुद्राने आणून टाकलेल्या अनोळखी माणसांना काका इथेच पुरत. त्यांनी कबरीला नावाची पाटी लावली, की पोलीससुद्धा तो माणूस मेला असं धरून चालत.

"नवरा ना तुझा?"

"हो. मुनजी. माणसांना चोरून इटलीला नेणारी ती होडी बुडाली, त्यात होता. सुकाणू त्याच्याच हातात होतं म्हणतात, म्हणून पोलीस सारखे दारात. परवा तर हिच्या पाळण्याखाली वाकून बघून गेले. काका, तो गेला असेल तर तसं एकदा लिहून टाका. आम्हाला जगू द्या."

"इथे येणारी प्रत्येक बाई आधी समुद्राला शिव्या घालते," काका चुना कालवत म्हणाले. "माझी बायको तर रोज घालते. मी चांगला जिवंत असून!"

हैफाला हसू आलं नाही. खाली धक्क्यावर कोळी फाटकी जाळी शिवत बसले होते. त्यातला एक मघापासून इकडेच बघतोय, असं तिला वाटत होतं.

काका तिला कडेच्या एका कबरीपाशी घेऊन गेले.

"हा त्याच होडीतला. आठ महिने झाले, कुणी विचारायला आलं नाही. चेहरा उरला नव्हता. आणि रेनकोट..." त्यांनी हैफाकडे पाहिलं. "असेल. पिवळाच असेल."

हैफा खाली बसली. पाखरांसाठी कबरीवर ठेवलेल्या वाटीत तिने पाणी ओतलं.

"मला माफ कर," ती पुटपुटली.

काकांनी पाटीवर निळ्या रंगात सावकाश अक्षरं काढली. मुनजी बिन सालेम. मग कुंचला पुसता पुसता ते बराच वेळ दोराकडे पाहत राहिले.

"पोलिसांना मी सांगतो. तू सरळ घरी जा."

"फार उपकार झाले, काका."

"उपकार कसले, पोरी!" काकांनी आवाज खाली आणला. "समुद्राला एक शिवीही नाही घातलीस तू. त्याला म्हणावं, दाढी वाढव."