दरमहा पाहणी

आरोग्यकेंद्राला डॉक्टर मिळावा म्हणून झुलाल गुरुजींनी धुळ्याला आमदारांकडे वर्षभर खेटे घातले, तेव्हा कुठे विधानसभेत प्रश्न विचारला गेला. मंत्र्यांचं लेखी उत्तर ऐकायला सारं गाव ग्रामपंचायतीपुढे जमलं. केंद्राच्या बंद दारात जिची सून बाळंतपणात गेली, ती ताईबाई पुढेच बसली. गुरुजी वाचू लागले, "केंद्रात डॉक्टर रोज हजर असतात. गावसमितीच्या सदस्याने दरमहा पाहणी करून तशी सही दिली आहे." पुढे सदस्य म्हणून गुरुजींचंच नाव होतं. महिनाअखेरीस केंद्राचा शिपाई छापील अहवाल घरी आणायचा, आणि चहा पिता पिता गुरुजी न वाचताच सही करायचे. शाळेत वाचताना मुलांना त्यांनी कधी ओळ गाळू दिली नव्हती. मान खाली घालून त्यांनी नावही वाचलं. ताईबाई हळूच म्हणाली, "तुमनी सही शे, मंग डॉक्टर व्हताच व्हई. मालेच दिसना नही, गुरुजी."