उलटी गाठ

लढाईच्या महागाईतही संगमनेरच्या विडी कारखान्यात बायकांची एक चैन होती. दुपारी चांदबी रहस्यकथा वाचून दाखवायची आणि तिच्या वाटणीच्या विड्या बाकीच्या वळायच्या. आजच्या गोष्टीतली बाई नवऱ्याच्या जाचातून पळून, नाव बदलून परगावी लपली होती. तिच्या जिन्यात पावलं वाजली आणि तिनं दिवा फुंकून विझवला. गोजरबाई जीव मुठीत धरून ऐकत होती. तीही अशीच पळून आलेली. गोजरबाई हे नावसुद्धा उसनं. सासूनं शिकवलेली विडीच्या दोऱ्याची उलटी गाठ सासरच्या गावाकडचीच; ती कुणी ओळखू नये म्हणून ती इथल्यासारखी सुलटी बांधायची, आणि रोज सांभाळून सांभाळून शिणली होती. ऐकता ऐकता वळलेल्या विड्या सुपात बघते तर उलट्याच गाठी! शेजारच्या साळूबाईनं त्या विड्या उचलल्या, उकलून सुलट्या बांधल्या. “दर गोष्टीला आसंच करतीस,” ती पुटपुटली. “मी हाय की बांधायला. तू निवांत ऐक.”