कानात सांगायचं नाव

बारशाचा मुहूर्त दुपारी एकचा होता. पण देशाने बंदी असलेलं तेल विकत घेतलं, म्हणून परदेशी कंपनी बाराच्या ठोक्याला आपले इथले सगळे यंत्रकान दुरूनच बंद करणार होती. जन्मतः बहिऱ्या तान्हीच्या कानामागे तसलाच एक होता.

"वन्सं, बारा वाजत आले, मुहूर्त राहू दे, आत्ताच नाव सांगा," तान्हीच्या आईने, रेवतीने हात जोडले.

शकुआत्या पाळण्यावर वाकली. "कुर्रर्र..." म्हणताच बायकांनी रिवाजाने तिच्या पाठीत धपाटे घातले.

"अगं सटव्यांनो, हळू! नाव विसरेन मी!"

सगळ्या खळखळून हसल्या. हसू ओसरलं तेव्हा यंत्रकानावरचा हिरवा दिवा विझला होता.

आत्याने नाव सांगितलं. मग ओरडून सांगितलं. तान्ही तिच्या हलत्या ओठांकडे टकमक बघत राहिली.