बद्द आवाज

निवृत्तीनंतर लांबच्या समुद्रप्रवासाला निघायचं म्हणून त्यांनी एक जुनी शिडाची होडी स्वस्तात घेतली आणि स्वतःच दुरुस्त करायला काढली. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते हातोडीनं एकेक फळी ठोकायचे आणि बायको कान लावून सांगायची, खणखणीत की बद्द.

"बद्द वाजली, की आत पाणी शिरलंय समज," ते म्हणायचे.

"अहो, मला साधी विहीर बघून घेरी येते!" ती कुरकुरायची. पण फळीबाबत ती कधी खोटं बोलली नाही. त्यांचा जीव त्या फळ्यांवरच तरंगणार होता.

शेवटची फळी बसली आणि त्यांना धाप लागायला लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर एक बोट टेकवलं आणि दुसऱ्या बोटानं त्यावर ठोकत ठोकत ते खाली नेलं. वर खणखणीत. खाली बद्द. पुन्हा बद्द. शेजारी उभ्या असलेल्या तिला एकेक ठोका स्पष्ट ऐकू आला.

शर्टाची बटणं लावत ते हसले, "काय गं, बदलायची का फळी?"



"छे हो," ती पहिल्यांदाच खोटं बोलली, "सगळं खणखणीत आहे."