अनाबेशाहीचा रस

काकासाहेबांच्या मळ्यातल्या अनाबेशाही द्राक्षांची मागल्या हंगामात वाईन करून पाहणारे पुण्याचे साहेब आज तीन बाटल्या घेऊन आले होते. पडवी झाडणाऱ्या कौसल्येचे कान तिकडंच होते.

"पहिली कोरडी, दुसरी लाकडी पिंपात मुरवलेली, तिसरी गोड," साहेब म्हणाले. "द्राक्ष एकच, रसही एकच. फक्त तऱ्हा वेगळ्या."

काकासाहेबांनी गोड वाईनचे दोन ग्लास रिचवले. "बिलकुल अमृत!"

साहेबांनी आणखी एक ग्लास भरला. "या बाईंनाही चाखू द्या. मळ्यात त्याही राबल्यात."

"द्या की. पण ग्लास नका देऊ. बौद्धवाड्यातली हाये ती. वरून वता."

कौसल्येनं खाली बसून ओंजळ पुढं केली.

"कशी लागली गं?" काकासाहेबांनी विचारलं.

त्या हंगामात काकासाहेब आठ दिवस गावाला गेले होते. रस काढायचं यंत्र मळ्यावर वेळेत आलंच नव्हतं. तेव्हा हौदात उतरून सगळी द्राक्षं कौसल्येनंच पायांनी तुडवली होती.

"तुमाला ग्वाड लागली न्हवं, मालक?" ती ओंजळ पदराला पुसत म्हणाली. "मंग बराबर हाये."