मोकळं अंगण

"पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीलाही रोज मोकळं सोडायचं, असा नियम आहे," मी आवाज चढवूनच म्हणाले. कुत्र्यांची पैदास करणाऱ्या त्या केंद्राची तपासणी माझ्याकडे होती आणि बाळंतपणाच्या रजेनंतरचा माझा तो पहिलाच दिवस होता.

"बाळंतीण आहे हो मॅडम. पिल्लांना सोडून ती कशाला हलतेय?" मालक हसत म्हणाले.

"तिला विचारलंत? उघडा दार."

दार उघडताच ती सुसाट निघाली. अंगणभर धावली, मातीत लोळली, उन्हात अंग ताणून पडली. मालकांनी मान खाली घातली. तेवढ्यात आत एक पिल्लू कुंई कुंई करू लागलं, तशी ती उठली आणि कुणी न हाकलता आत जाऊन पिल्लांजवळ आडवी झाली.

मी शेरा लिहिला, सही घेतली. मालक फाटकापर्यंत सोडायला आले, तोच सासूबाईंचा फोन आला. फोनमधला त्यांचा आवाज मालकांनाही ऐकू जात होता.

"अगं, वरचं दूध तोंडात घेत नाहीये. रडून रडून घसा बसला त्याचा. निघतेस ना?"

माझा कुर्ता छातीशी ओला झाला होता. मी ओढणी सारखी केली.

"नाही हो आई, इथलं काम अजून बरंच बाकी आहे."

मालकांनी एक खुर्ची पुसून अंगणात सावलीला ठेवली.

"बसा मॅडम थोडा वेळ," ते हळूच म्हणाले. "नियमच आहे ना."

तो टोमणा असता, तर मला वर बघता आलं असतं.