गोलकीपरचा चेहरा

पिराजीनं चादरीत बांधून आणलेला कॉम्प्युटरचा डबा काउंटरवर ठेवला आणि गाठ सोडली.

दुकानदार महांतेशनं दोन खोकी पुढं सरकवली. "स्वस्तातली ही दोनच ग्राफिक्स कार्डं आहेत, आण्णा. फुटबॉलचा गेमच खेळायचा तर हे लहान पुष्कळ झालं."

"तोंड कशात नीट दिसतंय? ते द्या."

"कुणाचं तोंड?"

पिराजीनं लेकीकडं बघितलं. अनुजानं मान खाली घातली. "दादाचं," ती म्हणाली.

तिचा दादा कृष्णात, कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. मे महिन्यात मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याआधी त्यानं गेममध्ये तालमीचा अख्खा संघ उभा केला होता. सगळ्यांची नावं, जर्सीचा रंग, आणि एक नंबरला तो स्वतः. घरच्या कॉम्प्युटरवर खेळाडूंच्या तोंडाच्या जागी नुसता गव्हाळ डाग दिसायचा. पिराजी रोज संध्याकाळी अनुजाला मॅच लावायला सांगायचा आणि त्या डागाकडं बघत बसायचा.

महांतेशनं खोकं उघडलं नाही. "आण्णा, कार्ड चष्म्यासारखं असतं. समोर आहे तेच साफ दाखवतं. गेममधले चेहरे कंपनीनं काढलेले असतात. कृष्णातनं त्यातलाच एक घेतला असणार."

"त्येनंच घेतलाय न्हवं? मग त्येच्यासारखाच असंल की. दावा."

"आबा, नको. घरला जाऊया."

"गप गं. महिनाभर हिचं नको नकोच चाललंय."

महांतेशनं लहान कार्ड खाचेत बसवलं, स्क्रू आवळला, दुकानातला मॉनिटर जोडला. अनुजानं मॅच लावली.

गवताची पाती वेगळी दिसू लागली. जाळीचे दोर दिसू लागले. एक नंबरची जर्सी घातलेला गोलकीपर चालत पुढं आला. रुंद जबडा, विरळ भुवया. पापण्यासुद्धा लवत होत्या.

बॉल आला. त्यानं उजवीकडं झेप घेतली आणि अडवला. मागं उभं असलेलं एक गिऱ्हाईक ओरडलं, "नाद खुळा! काय दिसतंय राव!"

पिराजी पडद्याजवळ गेला. मग दोन पावलं मागं आला.

"ह्यो कोण?"

अनुजानं कीबोर्डवरचा हात काढला.

"काढा ते," तो म्हणाला. "डागच बरा हुता."

महांतेशनं कार्ड काढून खोक्यात ठेवलं. सगळं ठीक आहे ना, हे बघायला डबा पुन्हा सुरू केला. अनुजानं न सांगता मॅच लावली. गोलसमोर गव्हाळ डाग येऊन उभा राहिला.

पिराजी वाकून बराच वेळ बघत राहिला.

"अनू," तो हळूच म्हणाला, "ह्येच्यात बी आता त्यो दुसराच दिसाय लागलाय गं."